बदल्यांचा कायदा आहे, पण बदलीचं कारण कुठे आहे?

जुनी नस्ती

एखाद्या आयुक्तांची दहा महिन्यांत बदली झाली की इथे दोन दिवस धागे निघतात, ‘प्रामाणिक माणसाला टिकू देत नाहीत’ असे शंभर प्रतिसाद पडतात आणि तिसऱ्या दिवशी क्रिकेट सुरू होतं. मला त्या आयुक्तांबद्दल काही म्हणायचं नाही. त्यांच्या बदलीच्या आदेशाबद्दल म्हणायचं आहे, कारण तो वाचायची तसदी कुणी घेत नाही. आदेश चार-पाच ओळींचा असतो. अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी, कार्यभार कुणाकडे सोपवायचा, तात्काळ रुजू व्हावे. संपलं.

महाराष्ट्रात बदल्यांसाठी स्वतंत्र कायदा आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. नाव एका दमात म्हणता येणार नाही: महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. लागू झाला १ जुलै २००६ ला. अण्णा हजारेंच्या आंदोलनात माहिती अधिकाराच्या जोडीने ही मागणी होती. ऑफिसात पहिल्या अर्ध्या भागाला बदल्यांचा कायदा म्हणतात आणि दुसऱ्याला दप्तर दिरंगाई, जणू दोन निरनिराळे कायदे. (दुसऱ्यात लिहिलंय की फाइल एका टेबलावर साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. हसू नका, खरंच लिहिलंय.)

पहिल्या भागाचा सांगाडा सोपा आहे. अखिल भारतीय सेवा आणि गट अ, ब, क यांचा एका पदावरचा साधारण कालावधी तीन वर्षं. जानेवारीत याद्या करायच्या, एप्रिल-मेमध्ये वर्षातून एकदाच बदल्या. मुदतीआधी हलवायचं असेल तर कलम ४(५): विशेष प्रकरण हवं, कारणं लेखी नोंदवायला हवीत आणि लगतच्या वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता हवी. कागदावर इतका स्वच्छ कायदा दुसऱ्या किती राज्यांत असेल, शंका आहे.

आता नस्ती, म्हणजे बदलीची फाइल, प्रत्यक्षात कशी दिसते ते सांगतो. माझी बहुतेक नोकरी नेमणुका-बदल्या बघणाऱ्या आस्थापना शाखेत गेली, खातं सांगत नाही. लोकप्रतिनिधीचं शिफारसपत्र येतं, त्याच्या कोपऱ्यात मंत्रिमहोदयांचा शेरा. ‘तपासून सादर करावे’ असेल तर पत्र देणाऱ्याचं मन राखलेलं आहे. खालून नियम दाखवून नकार गेला तरी कुणी विचारत नाही. ‘प्रस्ताव तात्काळ सादर करावा’, खाली तारखेसह सही आणि दुपारी पीएचा फोन, म्हणजे समजून जायचं. मग टिप्पणी तयार होते. परिच्छेद एक, अधिकाऱ्याचं पदनाम आणि रुजू दिनांक. दोन, कायद्यातल्या तरतुदी. तीन, मा. मंत्रिमहोदयांचे निर्देश. चार, ‘प्रशासकीय निकड विचारात घेता’ बदली प्रस्तावित. पाच, मान्यतेस्तव सादर. कसली निकड, याच पदावर का, हाच माणूस का, याबद्दल अक्षर नाही. कक्ष अधिकारी सही करतो, अवर सचिव करतो, उपसचिव करतो. कुणाला टोचणीही लागत नाही, कारण टिप्पणीत खोटं असं काहीच नसतं.

आणि बाहेरून न दिसणारी एक गोष्ट. ‘विनंती बदली’ ऐकायला निरुपद्रवी वाटते. आजारी आई, मुलांची दहावी. पण मागितलेलं पद रिकामं नसेल तर तिथे बसलेल्याला वर्ष-दीड वर्षात उठवावं लागतं, आणि त्याच्या आदेशात येतं ‘प्रशासकीय कारणास्तव’. म्हणजे एकाच कागदावर एकाची विनंती ही दुसऱ्याची निकड झालेली असते.

असे उठवलेले काही जण मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातात. कारण नोंदवलेलं नाही किंवा प्रस्ताव नागरी सेवा मंडळापुढे (बदल्यांची शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे) गेलाच नाही म्हणून बदल्या रद्द झाल्याचे निकाल ढिगाने आहेत. मंडळाचा विषय असा: माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि आणखी ८२ निवृत्त अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑक्टोबर २०१३ ला निकाल लागला. केंद्रात आणि प्रत्येक राज्यात नागरी सेवा मंडळ नेमा, किमान कालावधी ठरवा, आणि अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, ते नोंदवून घ्यावेत. जानेवारी २०१४ मध्ये आयएएसच्या केडर नियमांत बदल झाले, आपल्याकडेही मंडळं बसली. मंडळाची शिफारस सक्षम प्राधिकाऱ्याला नाकारता येते, पण कारण लिहूनच.

इतक्या सगळ्या ठिकाणी ‘कारण लिहा’ असं लिहिलंय आणि कारण तेवढं सापडत नाही. म्हणून माझी मागणी एवढीच: मुदतपूर्व बदलीचा आदेश संकेतस्थळावर टाकता तसाच मंडळाची शिफारस आणि ती डावलली असेल तर डावलण्याचं कारणही त्याच पानावर टाका. मंत्र्यांचा अधिकार काढा असं मी म्हणत नाही. वापरा, पण खुलासा करून वापरा. अधिकाऱ्यांच्या सचोटीवर प्रशिक्षण संस्थेत तीन दिवसांचे वर्ग घेण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

मतं ऐकायला आवडतील. नावं घेऊन चिखलफेक नको.


खडूस

आवडलं. पण उद्या खरंच सक्ती झाली तर काय होईल सांगू? ‘प्रशासकीय निकड’च्या जागी ‘तीव्र प्रशासकीय निकड’.


वाटसरू

धाग्याचा रोख पटला, पण एक बाजू राहिली. बदली ही फक्त शिक्षा नसते, ती विकाऊ वस्तूही असते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट वेड या अभ्यासकाने दक्षिण भारतातल्या एका पाटबंधारे खात्याचा अभ्यास छापला होता. त्याचं म्हणणं असं की अभियंते चांगल्या पदासाठी वर पैसे देतात आणि ते खाली ठेकेदारांकडून नि पाण्यासाठी आलेल्या शेतकऱ्यांकडून वसूल करतात. ‘खालचा माणूस लाच खातो म्हणून वरचा हतबल आहे’ ही आपली समजूत त्याने उलटी केली. वरून पदाची किंमत लागते म्हणून खाली वसुली अपरिहार्य होते.

आता यात तीन वर्षांची हमी घाला. जे पद कधीही हातातून जाऊ शकतं त्याची किंमत कमी, जे तीन वर्षं पक्कं आहे त्याची जास्त. म्हणजे निव्वळ कालावधी निश्चित केल्याने मलईदार पदांचा भाव वाढू शकतो. प्रामाणिक माणसाला संरक्षण मिळावं म्हणून केलेली तरतूद विकत घेणाऱ्यालाही तितकंच संरक्षण देते.

आकडाच हवा असेल तर लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी यांचा २०१२ चा शोधनिबंध आहे. आयएएस अधिकारी एका पदावर सरासरी साधारण १६ महिने टिकतात आणि मुख्यमंत्री बदलला की बदल्या वाढतात, असं त्यात दिसलं.


जुनी नस्ती

वाटसरू, मुद्दा मान्य, आणि तो महत्त्वाचा आहे. म्हणूनच माझा भर तीन वर्षांवर कमी आणि कारणावर जास्त आहे. पद विकलं जातं ते नेमताना. ‘या पदावर हाच का’ हे नेमतानाही लिहावं लागलं तर विकणाऱ्याची अडचण होईल. तीन वर्षं हा आकडा काही पवित्र नाही. केंद्राच्या नियमात तर किमान दोनच वर्षं आहेत.


गुरुजी अवघड क्षेत्रातले

कारणाबिरणाच्या भानगडीत न पडता आमच्याकडे दुसरा प्रयोग झाला, तो सांगतो. माणसाच्या हातातून बदली काढून संगणकाला दिली.

मी जिल्हा परिषद शिक्षक. पूर्वी आमच्या बदल्या म्हणजे मे महिन्याची जत्रा होती. कुणाच्या बंगल्यावर कोण, कुणाची चिठ्ठी कुणाकडे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने पद्धत बदलली. शाळा सर्वसाधारण क्षेत्रात आणि अवघड क्षेत्रात विभागल्या, शिक्षकांचे चार संवर्ग केले. संवर्ग एक म्हणजे दिव्यांग, दुर्धर आजार, विधवा, ५३ वर्षं पूर्ण झालेले वगैरे. दोन म्हणजे पती-पत्नी ३० किलोमीटरपेक्षा लांब असतील तर. तीन म्हणजे अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढलेले. चार म्हणजे उरलेले. ऑनलाइन पसंतीक्रम भरा, सेवाज्येष्ठता आणि संवर्ग बघून सॉफ्टवेअर शाळा देणार. २०१८ ला पहिली मोठी फेरी झाली.

तुम्ही लिहिलंय ना, एकाची विनंती दुसऱ्याची निकड? आमच्याकडे त्याला ‘खो’ म्हणतात. संवर्ग एकमधल्या बाईंनी माझी शाळा मागितली की मला खो. रात्री यादी लागायची आणि स्टाफरूमच्या ग्रुपवर एकच प्रश्न, ‘कुणाला खो बसला?’ राग यायचा, पण कुणाच्या पाया पडायला जावं लागलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. मी दुर्गम भागात सहा वर्षं काढली होती. त्याआधी तीन वेळा विनंती अर्ज केला होता आणि त्या अर्जांचं काय झालं ते आजवर कळलेलं नाही. संगणकाने एका रात्रीत दिलं.

पण माणूस हुशार. दार बंद झालं तर खिडकी. पूर्वी भ्रष्टाचार बदली देणाऱ्याच्या टेबलावर होता, तो आता संवर्ग ठरवणाऱ्या कागदावर आला. बनावट दिव्यांग प्रमाणपत्रं निघाली, अंतराचे खोटे दाखले निघाले. नंतर तपासण्या झाल्या, काही जिल्ह्यांत शिक्षक निलंबितही झाले. ज्याला ऐकू येत नाही असा दाखला आहे तो वर्गाच्या मागच्या बाकावरची कुजबुज ऐकतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

तरीही मला जुनं परत नको. खोटा दाखला पकडता येतो. बंगल्यावरची चिठ्ठी पकडता येत नाही.


खडूस

गुरुजी, शेवटची दोन वाक्यं फ्रेम करून लावा.


सातबारा

तुम्ही सगळे आतले लोक दिसता. बाहेरच्याची बाजू ऐका.

आमच्या सज्जात गेल्या काही वर्षांत तीन तलाठी बदलले (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, पाटी बदलली, काम तेच). कालावधी पूर्ण करून, कायद्याप्रमाणे. काय फरक पडला? काडीचा नाही. कारण ऑफिसात खरा माणूस बसतो तो ‘झिरो’. सरकारी पगार नाही, हजेरीपटावर नाव नाही, पण दप्तर त्याच्या हातात, कुणाची फेरफार नोंद कुठे अडलीय ते त्याला पाठ, आणि पैसेही त्याच्याकडेच द्यायचे. नवीन तलाठी आला की पहिल्या आठवड्यात त्याला झिरोची गरज भासते, कारण एकेकाकडे दोन-दोन सज्जे. साहेब येतात, साहेब जातात, झिरो तिथेच. त्याची बदली कोणत्या कलमाखाली करणार?

म्हणून आयएएसच्या बदल्यांवर गळे काढणाऱ्या धाग्यांचा मला कंटाळा येतो. मला आयुक्त भेटत नाही. मला झिरो भेटतो.


जुनी नस्ती

सातबारा, तुमच्या झिरोपुढे माझा कायदा खरंच तोकडा पडतो. तिथे उपयोग झाला तर लोकसेवा हक्क अधिनियमाचा, २०१५ चा. अधिसूचित सेवेला दिवसांची मुदत असते, ती टळली की पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. पदनिर्देशित अधिकाऱ्याला किमान ५०० आणि कमाल ५,००० रुपये दंड. रक्कम किरकोळ आहे, पण दंड झिरोला होत नाही, सही करणाऱ्याला होतो. त्यामुळे साहेबाला स्वतःचं दप्तर उघडून बघावं लागतं. अर्ज मात्र ‘आपले सरकार’वरून करा आणि पोच जपून ठेवा. हातात दिलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा.


सातबारा

पोर्टलवर अर्ज भरायलाही गावात सेतूवाल्याकडेच जावं लागतं, आणि तो झिरोचा मेहुणा आहे. असो. करून बघतो.


चौकातला

आयएएस तुकाराम मुंढे साहेबांचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? नवी मुंबई, पुण्याची बससेवा पीएमपीएमएल, नाशिक, नागपूर... कुठे पूर्ण मुदत मिळाली? प्रामाणिक माणसाची हीच किंमत. हरयाणात आयएएस अशोक खेमका, ५० पेक्षा जास्त बदल्या घेऊन निवृत्त झाले. बाकी कलमं-बिलमं सब झूठ.


नगरपित्याची पुतणी

नाव निघालंच आहे तर बोलते. नवी मुंबईत २०१६ मध्ये महासभेने आयुक्तांवर अविश्वास ठराव प्रचंड बहुमताने मंजूर केला होता. त्यातले सगळे नगरसेवक बिल्डरांचे हस्तक होते असं समजणं सोयीचं आहे. पण निवडून आलेल्या सभागृहाने ‘हा अधिकारी नको’ म्हटलं तर लोकशाहीत त्याला काही वजन असावं की नसावं? की जनता फक्त अधिकाऱ्यांच्या रीलला लाइक देण्यापुरती?

जुनी नस्ती यांचा धागा चांगला आहे, पण सुधारणेच्या सगळ्या चर्चेत एक गृहीतक लपलेलं असतं: राजकारणी वाईट, अधिकारी चांगला, तेव्हा अधिकाऱ्याला राजकारण्यापासून वाचवा. तो प्रयोग आपण करून पाहिला की. २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत मुंबईसह राज्यातल्या बहुतेक महापालिकांत निवडणुकाच झाल्या नाहीत, वर्षानुवर्षं प्रशासक. संविधानाचं २४३-यू कलम म्हणतं की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. स्थायी समिती नाही, महासभा नाही, सगळे अधिकार एका आयएएसच्या सहीत. नगरसेवकांची कटकट शून्य. झाली का कारभाराची गंगा निर्मळ? गटार तुंबलं तर फोन कुणाला करायचा तेच लोकांना कळत नव्हतं. काका पदावर नसताना आमच्या घरी माणसं येत राहिली, कारण वॉर्ड ऑफिसात त्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं. आणि प्रशासकाला कोण हलवू शकत होतं? फक्त मंत्रालय. म्हणजे राजकारण गेलं नाही, एक मजला वर सरकलं इतकंच.


वाटसरू

पुतणीताई, मुद्देसूद. सरदार पटेलांचं १० ऑक्टोबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण या संदर्भात सगळे उद्धृत करतात: मन मोकळं करून बोलण्याचं स्वातंत्र्य असलेली अखिल भारतीय सेवा नसेल तर अखंड भारत राहणार नाही, असा त्याचा आशय. पण त्यांनी बोलण्याचं स्वातंत्र्य मागितलं होतं. शेवटचा शब्द अधिकाऱ्याचा असावा असं काही त्यात नाही. सल्ला निर्भीड द्या, निर्णय निवडून आलेल्याचा.


थेम्सकाठ

यावर इंग्लंडमधली एक व्यवस्था सांगण्यासारखी आहे, जुनी नस्ती यांच्या मागणीच्या अगदी जवळची.

इथे प्रत्येक खात्याचा सर्वोच्च अधिकारी त्या खात्याच्या खर्चाला ‘अकाउंटिंग ऑफिसर’ म्हणून संसदेला व्यक्तिशः जबाबदार असतो. मंत्र्याने सांगितलेला खर्च नियमाबाहेरचा, अनुचित, पैशाचं मोल न देणारा किंवा मुळात न जमणारा वाटला, तर तो मंत्र्याला म्हणू शकतो, ‘मला लेखी निर्देश द्या.’ मंत्र्याने दिला तर अधिकारी निमूटपणे अंमलबजावणी करतो, पण जबाबदारी मंत्र्याकडे जाते. तो निर्देश महालेखापरीक्षकाकडे पाठवला जातो आणि सहसा प्रसिद्धही होतो.

२०१५ मधलं प्रकरण गाजलं होतं. किड्स कंपनी नावाच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला ३० लाख पौंड द्यायला अधिकाऱ्याने हरकत घेतली, मंत्र्यांनी लेखी निर्देश देऊन पैसे दिले. ऑगस्टमध्ये संस्था बंद पडली. मग संसदेच्या समितीने चौकशी केली तेव्हा कुणी काय म्हटलं होतं ते शोधत बसावं लागलं नाही. आणि उलटंही आहे: २०२० च्या साथीत घाईच्या योजनांसाठी असे निर्देश भराभर निघाले, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. अपुऱ्या माहितीवर धोका पत्करणं हे मंत्र्याचंच काम आहे.

अधिकाऱ्याला नकाराधिकार नाही, मंत्र्याला पडदा नाही. बदल्यांना हे जसंच्या तसं लागू होणार नाही, पण गाभा तोच.


जुनी नस्ती

थेम्सकाठ, शंभर टक्के. धागा काढताना मला जे नीट मांडता आलं नाही ते हेच. पुतणीताईंना उत्तरही यातच आहे. महासभेला आयुक्त नको असतील तर तिने ठराव केला, तो इतिवृत्तात आला, कुणी बाजूने मत दिलं कुणी विरोधात ते नोंदलं गेलं. ही पद्धत चांगलीच आहे! निवडणुकीत लोकांना तो ठराव नगरसेवकापुढे धरता येतो. मला आक्षेप आहे तो पीएच्या दुपारच्या फोनला.


नवखी

खूप दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यामुळे. मी नोकरीत आहे, गट अ, वर्षं फार झाली नाहीत. आयडीवरून ओळखू नका, प्लीज.

तोंडी आदेशांबद्दल सगळे लिहितात की नियम आहेत. आहेतच. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत स्पष्ट आहे: वरिष्ठांचे निर्देश साधारणतः लेखी असावेत, तोंडी देणं अटळ असेल तर नंतर लगेच लेखी पुष्टी द्यावी, आणि ती मागून घेणं हे कनिष्ठाचं कर्तव्य आहे. प्रशिक्षणात हे शिकवतात, परीक्षेतही विचारतात.

प्रत्यक्षात असं होतं. रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅप कॉल. मेसेज नाही, कॉल, तोही व्हॉट्सअ‍ॅपवरच. ‘मॅडम, त्या अमुक एजन्सीचं देयक उद्या मार्गी लावा.’ मी म्हटलं, सर मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं त्यात लिहितात) नोंद अपुरी आहे. ‘तुम्ही बघा ना काय करता येतं.’ या वाक्यात आदेश कुठे आहे? नाहीच. उद्या चौकशी लागली तर ते खरोखर म्हणू शकतात की मी फक्त बघायला सांगितलं.

एका सीनियर बाईंनी शिकवलेला उपाय मी केला. सकाळी साधं पत्र काढलं: ‘काल आपण दूरध्वनीवरून दिलेल्या निर्देशांच्या अनुषंगाने सादर करण्यात येते की, सदर देयकासंदर्भात मोजमाप पुस्तिकेतील पुढील नोंदी अपूर्ण आहेत. पुढील आदेश व्हावेत.’ जावक क्रमांक घातला, म्हणजे पत्र गेल्याची नोंद राहते, आणि ई-ऑफिसवर टाकलं. पुढचे आदेश आजपर्यंत आले नाहीत. देयकही तेव्हा गेलं नाही. मला कुणी ओरडलं नाही, बैठकीत मात्र माझ्या शाखेचा आढावा सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ होऊ लागला. एप्रिलमध्ये माझं नाव यादीत आलं. कालावधी पूर्ण व्हायला वर्षापेक्षा जास्त होतं. कारण काय ते तुम्हाला माहीतच आहे, ‘प्रशासकीय’.

मॅटला गेले नाही. नवीन जागा वाईट नाहीये खरं तर, घरापासून जवळ पडते. म्हणून तर तक्रार कशी करणार? ज्यांनी बदली केली त्यांना हेही कळतं.

एक मात्र सांगते. सचोटी म्हणजे लाच न घेणं एवढीच असती तर काम सोपं होतं. लाच न घेणारे माझ्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. ते जावक क्रमांक घालत नाहीत. सही टाळतात, रजेवर जातात, फाइल ‘चर्चा करावी’ म्हणून खाली पाठवतात. दोन वर्षांनी त्यांचा गोपनीय अहवाल उत्कृष्ट असतो.


सातबारा

नवखी, मॅडम, तुमच्यासारखे अधिकारी आहेत हे कळलं तरी पुष्कळ झालं. काळजी घ्या.


चौकातला

+१. मॅडमना सलाम.


वाटसरू

नवखीच्या शेवटच्या परिच्छेदात फार मोठी गोष्ट आहे. सही टाळण्याचा रोग घालवायला म्हणून २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ घातलं. अधिकाऱ्याने पदाच्या नात्याने केलेल्या शिफारशीची किंवा निर्णयाची चौकशी करायची तर सरकारची आधी परवानगी लागते. रंगेहाथ सापळ्याला नाही. बाजू मांडणारे म्हणतात, प्रामाणिक चुकीवर गुन्हा दाखल होण्याची भीती गेली. विरोधक म्हणतात, ज्यांच्या फोनवरून निर्णय झाला त्यांच्याच हातात परवानगी दिली. मला दोन्ही खरं वाटतं. पण नवखीच्या प्रकरणात १७अ चा काय उपयोग? तिच्यावर गुन्हा नोंदवायची गरजच पडली नाही, एप्रिलची यादी पुरली.


खडूस

एरवी मी विनोद करतो. आज नाही करत.

जुनी नस्ती, व्यवहाराचं सांगा. संकेतस्थळावर कारण टाकतील तेव्हा टाकतील. आज माझ्यासारख्याला ते बघायचं असेल तर?


जुनी नस्ती

माहिती अधिकार, दुसरं काय. पण अर्ज डोक्याने लिहा.

‘अमुक साहेबांची बदली का केली’ असं विचारू नका. ‘का’ हा प्रश्न आला की जन माहिती अधिकारी सुटतो, नोंदीत असलेलीच माहिती देता येते म्हणतो. वर वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(जे) दाखवतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते कलम आणखी आखडलं, व्यापक जनहिताची जी वाट त्याच कलमात होती ती काढली. ८(२) मध्ये जनहिताची तरतूद अजून आहे, पण ती पटवून द्यायला अपिलापर्यंत जावं लागतं. म्हणून नावं मागूच नका. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, हेही सांभाळा.

मागा ते असं: अमुक विभागात अमुक आर्थिक वर्षात गट अ संवर्गात कलम ४(५) खाली झालेल्या बदल्यांची संख्या. नागरी सेवा मंडळाच्या त्या वर्षातल्या बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्तं, व्यक्तिगत तपशील खोडून चालतील. मंडळाची शिफारस मान्य न झालेल्या प्रकरणांची संख्या. ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं, आणि ते येईल, तर पहिल्या अपिलात अभिलेख पाहणी मागा. इतिवृत्ताची फाइल वेगळी असते, ती दाखवायला फार कारणं देता येत नाहीत.

बैठकीची तारीख आणि आदेशाची तारीख शेजारी ठेवून बघा. आदेश आधीचा आणि बैठक नंतरची निघाली तर पुढचं मी सांगायला नको.


नवखी

सर, एक भर. ज्याची बदली झाली त्याला स्वतःला आणखी एक रस्ता आहे. माहिती अधिकार कायद्याचंच कलम ४(१)(डी): प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला देणं हे प्राधिकरणाचं स्वतःहून करायचं काम आहे. त्यात ‘का’ विचारता येतं.


खडूस

मग मॅडम, तुम्ही विचारलंत?


नवखी

मसुदा तयार आहे. एकशे बेचाळीस शब्द झालेत. जावक क्रमांक घातला नाहीये अजून.


जुनी नस्ती

वैयक्तिक अर्जाला जावक क्रमांक लागत नाही, नवखी. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. घराच्या पत्त्यावरून, स्वतःच्या नावाने, स्पीड पोस्टाने. ऑफिसच्या शिपायाच्या हाती देऊ नका.